स्वतःची गाणी, स्वतःच्या नावावर: रॉक लिहिणाऱ्या-गाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची सांगलीची. गेली सोळा वर्षं पुण्यात राहून मराठीत रॉक लिहिते आणि गाते. गिग, म्हणजे लाइव्ह कार्यक्रम, संपल्यावर गिटार बॅगेत भरत असताना, कॉलेजातल्या कार्यशाळांत आणि मेलवर मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्य तितके विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत. कायद्याबद्दल लिहिलेलं सगळं भारतातलं आहे. हातात खरा करार आला असेल तर हे वाचून थांबू नका, तो वकिलाला दाखवा.

१. ताई, ‘स्वतंत्र’ म्हणजे नक्की काय? लेबल नाही म्हणजे आपण स्वतंत्र, असंच ना?

तेवढ्याने होत नाही. लेबल म्हणजे गाणी काढणारी कंपनी. ती नसलेले कितीतरी जण आपली गाणी कुणाच्या तरी नावावर करून बसलेत आणि त्यांना ते माहीतही नाही.

एका गाण्यात तीन वेगळ्या मालमत्ता असतात. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण, म्हणजे ज्याला आपण मास्टर म्हणतो ते. १९५७ चा कॉपीराइट कायदा या तिघांकडे वेगवेगळं बघतो. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं टिकतो. मास्टरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. याशिवाय गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा प्रयोगकर्ता म्हणून वेगळा हक्क असतो, तो ५० वर्षांचा. यातलं काय कुणाकडे आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, आणि जे दिलंय ते तुम्ही जाणून, मुदत ठरवून दिलं असेल, तर तुम्ही स्वतंत्र. खालच्या बहुतेक उत्तरांचं मूळ या तीन मालमत्तांत आहे.

२. आपल्याकडे लेबलशिवाय कुणी उभं राहिलंय का? की हे सगळं अमेरिकेतच चालतं?

गोव्यात बघा. रेमो फर्नांडिस शिवोलीचे. मुंबईत जे. जे.मध्ये आर्किटेक्चर शिकलेले. कंपन्यांनी दारं उघडली नाहीत तेव्हा त्यांनी घरातच चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, वाद्यं स्वतः वाजवून, १९८४ मध्ये ‘गोअन क्रेझी’ हा अल्बम केला आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी कॅसेटी पोचवल्या. कंपन्या आणि सिनेमा नंतर आले, पद्मश्री २००७ मध्ये.

मला त्या गोष्टीतली स्कूटर सगळ्यात महत्त्वाची वाटते. रेकॉर्डिंग घरी करणं आज कुणालाही जमतं. पण प्रत्येक दुकानात स्वतः जाणं, किती दिल्या, किती विकल्या, कुणाकडे किती येणं बाकी, हे वहीत लिहिणं हे काम तेव्हा होतं तेवढंच आजही आहे. फक्त वहीच्या जागी एक्सेल आलं.

३. मराठीत रॉक बसतं का? मी लिहिलं की ते भावगीत होतं, नाहीतर इंग्रजी गाण्याचं भाषांतर वाटतं.

बसतं, आणि चांगलं बसतं. पण आपल्या भाषेच्या चालीने बसतं. हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, म्हणून उत्तर लांबणार आहे.

पहिली गोष्ट, अक्षरं मोजताना आपली फसगत होते. ‘आकाश’ लिहिताना तीन अक्षरं, बोलताना दोनच ठोके: आ, काश्. शेवटचा अ आपण बोलताना गिळतो. भावगीताच्या आणि भजनाच्या गायकीत तो शेवटचा अ लांबवून गायची सवय आहे आणि तिथे तो गोडही लागतो. डिस्टॉर्शनच्या, म्हणजे फाटक्या-खरखरीत आवाजाच्या, गिटारवर तोच ‘आकाशऽऽ’ आला की गाणं क्षणात मवाळ होतं. म्हणून ओळ आधी रस्त्यावर बोलतो तशी मोठ्याने बोला, ठोके मोजा, मग चाल लावा. कागदावरची अक्षरं मोजून चाल लावू नका.

दुसरी गोष्ट, आपल्याकडे ताल आणि छंद तयार आहेत. लहान अभंगाचा चरण आठ अक्षरांचा, भजनी ठेका आठ मात्रांचा, आणि रॉकच्या चार ठोक्यांच्या एका मापात अर्ध्या ठोक्यांच्या जागाही आठच. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी मांडणी असते. सहा अक्षरांच्या चरणानंतर आठमधल्या दोन जागा मोकळ्या राहतात. तिथे श्वास घ्या किंवा गिटारला उत्तर देऊ द्या. शेवटच्या चार अक्षरांनंतर तर अर्धं माप रिकामं मिळतं, ड्रमरला ते द्या. मी हे शोधलेलं नाही, वारीत टाळ वाजवणाऱ्या माझ्या आजोबांच्या हातात ते होतं. मला कळायला दहा वर्षं लागली.

तिसरी, यमक. ‘आलो, गेलो, झालो, मेलो’ असं क्रियापदांच्या शेवटावर यमक जुळवणं मराठीत फार स्वस्त पडतं, कारण व्याकरणच ते फुकट देतं. एका कडव्यात एकदाच वापरायचं असं मी ठरवून घेतलंय. आणि क्रियापद गाणाऱ्याचं लिंग सांगतं हे विसरू नका. मी माझं एक गाणं एका मित्राला गायला दिलं तेव्हा ‘राहिले’चं ‘राहिलो’ झालं, यमक मोडलं आणि वरच्या पट्टीतला ‘ए’ जाऊन ‘ओ’ आला. त्याला तो ‘ओ’ मोकळेपणाने लागला, गाणं उलट सुधारलं. वरच्या सुरावर ‘ई’ किंवा ‘ऊ’ आला तर गळा आवळतो, ‘आ’ किंवा ‘ओ’ला तो उघडतो. ध्रुवपदाचा शेवटचा स्वर लिहितानाच निवडा.

४. तुकोबांचा अभंग किंवा एखाद्या कवीची कविता रॉकमध्ये केली तर परवानगी लागते?

तुकोबा, नामदेव, जनाबाई, चोखोबा यांचे मूळ शब्द सगळ्यांचे आहेत, परवानगी नको. मात्र तुमच्या कानात बसलेली चाल बहुतेक वेळा विसाव्या शतकातल्या संगीतकाराची असते, आणि ती संरक्षित असू शकते. शब्द घ्या, चाल स्वतःची लावा.

आधुनिक कवींचं गणित मृत्यूच्या वर्षावरून करायचं. कवी गेला त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. केशवसुत १९०५ मध्ये गेले, बालकवी १९१८ मध्ये, दोघेही केव्हाच मोकळे. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यांची कविता २०१७ च्या सुरुवातीपासून मोकळी आहे. शहरातल्या माणसाचं तुटलेपण इतक्या कमी शब्दांत मांडणारा कवी रॉकवाल्यांनी अजून नीट हाताळला नाही याचं मला वाईट वाटतं. सुरेश भट २००३ मध्ये गेले म्हणजे २०६३ अखेरपर्यंत वारसांची परवानगी लागेल. अरुण कोलटकर २००४, म्हणून २०६४ अखेर. विंदा २०१०, म्हणून २०७० अखेर. नामदेव ढसाळ २०१४, म्हणून २०७४ अखेर.

इथे एक अपवाद आहे. कविता कवीच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा प्रकाशित झाली असेल तर ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांची गाणी १९५२ मध्ये पुस्तकात आली. त्यामुळे ती २०११ ऐवजी २०१२ संपल्यावर मोकळी झाली. दुसरा अपवाद भाषांतराचा. मूळ काव्य मोकळं असलं तरी अलीकडच्या भाषांतराचा हक्क भाषांतरकाराचा असतो.

५. गाणं आधी रजिस्टर करावं लागतं का? मित्र म्हणतो स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाठवून पाकीट बंद ठेव.

कॉपीराइट गाणं कागदावर किंवा फोनमध्ये उतरलं की आपोआप मिळतो. नोंदणी सक्तीची नाही. पण वाद झाला तर नोंदणीचा उतारा न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. शब्द किंवा चाल यांसाठी फी प्रत्येकी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं.

बंद पाकिटाला कायद्यात खास स्थान नाही. त्यापेक्षा डेमोच्या मूळ फाइल, तारखा असलेले मेल आणि खाडाखोड असलेली वही जपून ठेवा. मी माझी एकही वही रद्दीत दिलेली नाही.

६. बँडमध्ये हिस्से कसे करायचे? ड्रमर म्हणतो गाणं सगळ्यांचं, मी म्हणतो मी लिहिलं.

कायद्याने शब्द लिहिणाऱ्याचे, चाल बांधणाऱ्याची. दोघांनी मिळून बांधली तर दोघांची. ड्रमरने ठेका वाजवला म्हणून तो चालीचा मालक होत नाही, पण त्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारा म्हणून त्याचा प्रयोगकर्त्याचा हक्क असतोच (प्र. १).

माणुसकीने बघितलं तर गोष्ट वेगळी आहे. ज्या रिफवर, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यावर, गाणं उभं आहे ती रिफ गिटारिस्टने दिली असेल तर त्याचं नाव चालीत घाला. आम्ही गाणं पूर्ण झाल्याच्याच दिवशी, तालमीच्या खोलीत, एका कागदावर शब्द किती टक्के, चाल किती टक्के, मास्टर किती टक्के असं लिहून सह्या करतो. पाच मिनिटं लागतात. गाणं चालल्यावर हेच बोलायला बसलात तर मैत्री तुटायची वेळ येते. बँडचं नाव कुणाचं, आणि एखादा सोडून गेला तर उरलेले ते वापरणार का, हेही त्याच कागदावर लिहा.

७. स्टुडिओचा खर्च दुसऱ्याने केला. मास्टर कुणाचा?

ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता, आणि निर्माता म्हणजे ते घडवण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. पैसे घालणारा बहुतेक वेळा हाच ठरतो. म्हणून कागद नसेल तर मास्टरबद्दल तुमची बाजू कमकुवत असते. तासावर पैसे घेऊन रेकॉर्डिंग करून देणारा स्टुडिओ मात्र मालक होत नाही.

माझ्या पहिल्या अल्बमच्या वेळी मी हेच भोगलं. एका छोट्या कंपनीने स्टुडिओचा खर्च उचलला, सगळं तोंडी ठरलं, आठ गाणी झाली. दोन वर्षांत कंपनीचा फोन लागेना. गाणी ऑनलाइन दिसत होती, पैसे कुठे जातात ते कळत नव्हतं, आणि मूळ फाइल माझ्याकडे नव्हत्या. मी खूप रडले त्या दिवसांत. मग एका वकीलताईंनी विचारलं, शब्द आणि चाल तू कुठे लिहून दिलीस का? नव्हती दिली. हक्क देणं कायद्याने लेखी आणि सहीनिशीच होतं, तोंडी होत नाही. म्हणजे शब्द-चाल माझीच होती. मी आठही गाणी स्वतःच्या खर्चाने पुन्हा गायले आणि ते नवे मास्टर माझ्या नावावर आहेत.

पुन्हा रेकॉर्ड करण्याआधी जुन्या कागदांत ‘अमुक वर्षं हीच गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित करणार नाही’ असं कलम नाही ना, एवढं तपासा.

८. गाणं स्पॉटिफाय, अॅपल म्युझिक वगैरेंवर चढवायचं कसं?

डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे गाणी या मंचांवर पोचवणाऱ्या कंपनीमार्फत. काही जण वर्षाची फी घेतात, काही उत्पन्नातला वाटा. वार्षिक फीवाल्यांकडे एक बारकावा आहे: फी थांबली की काहींकडे गाणी खाली उतरतात.

प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक लागतो. तो डिस्ट्रिब्युटर देतो, किंवा भारतात इंडियन म्युझिक इंडस्ट्री या संस्थेकडून स्वतः घेता येतो. डिस्ट्रिब्युटर बदलला तरी जुनाच क्रमांक वापरा, नाहीतर ऐकले गेल्याचा हिशेब शून्यावर येऊ शकतो. गाणं तीन-चार आठवडे आधी द्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्रदर्शनाच्या किमान सात दिवस आधी पाठवलं तर ते तुमच्या श्रोत्यांच्या नव्या गाण्यांच्या यादीत जातं. आणि शीर्षक देवनागरीत द्यायचं की रोमन लिपीत, हे पहिल्या गाण्यालाच ठरवून तेच कायम ठेवा.

९. स्ट्रीमिंगवर पोट भरतं का?

माझं नाही भरत. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला मास्टरची रॉयल्टीच मिळत नाही. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तास बघितलं जाणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज.

माझ्या घरात पैसा येतो तो आधी गिगमधून, मग शिकवण्यांमधून, मग जाहिराती-नाटकांच्या संगीतातून, आणि मग गाण्यांच्या थेट विक्रीतून. बँडकॅम्पवर डिजिटल विक्रीत साइट १५ टक्के घेते, वस्तूंवर १० टक्के. तिथे गाणं विकत घेणारे माझे श्रोते शंभर-दीडशेच आहेत, पण नाव घेऊन ओळखते मी त्यांना. एकाने पुण्यातून बेळगावला बदली झाल्यावर मला तिथे गिग मिळवून दिला. स्ट्रीमिंगकडे मी दुकानाच्या पाटीसारखं बघते. पाटी लागते, पण गल्ला वेगळीकडे असतो.

१०. आयपीआरएस, पीपीएल, आयसॅमरा... यात मी कुठे जायचं?

प्र. १ मधले हक्क आठवा. शब्द आणि चाल यांच्यासाठी आयपीआरएस, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. गाणी वाजली की त्यांचे पैसे गोळा करून ती सदस्यांना वाटते. १९६९ मध्ये स्थापन झालेली, मुंबईची. २०१७ मध्ये तिची कॉपीराइट सोसायटी म्हणून पुन्हा नोंदणी झाली. तुम्ही लिहिता आणि चाल लावता तर गीतकार आणि संगीतकार अशा दोन्ही नात्यांनी नाव घाला. आयसॅमरा गायक-वादकांच्या प्रयोगकर्ता-हक्काची रॉयल्टी बघते. पीपीएल मास्टरच्या मालकांसाठी आहे.

सदस्य झालात की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. प्रत्येक गाणं नोंदवा, टक्के प्र. ६ च्या कागदाप्रमाणे भरा, आणि गिगनंतर गाण्यांची यादी कळवा. नोंद नसलेल्या गाण्याचे पैसे तुमच्यापर्यंत पोचायला वाटच नसते.

११. सदस्य झाल्यावर माझंच गाणं मी गायलं तरी आयोजकाला लायसन्स घ्यावं लागेल?

हो. सार्वजनिक सादरीकरणाचा हक्क तुम्ही सोसायटीकडे दिलेला असतो, त्यामुळे लायसन्स आयोजकानेच घ्यायचं. त्या फीतला वाटा पुढे तुमच्याकडेच यायचा असतो. ‘सगळी गाणी माझीच आहेत’ असं आयोजकाला लिहून देऊ नका, बरेच आयोजक तशी सही मागतात.

१२. दुसऱ्यांची गाणी कव्हर करून टाकली तर?

यूट्यूबवर बहुतेक वेळा मूळ मालकाचा दावा लागतो, व्हिडिओ राहतो आणि उत्पन्न त्यांना जातं. ऑडिओ मंचांवर टाकण्याआधी शब्द-चालीच्या मालकाचा परवाना हवा.

कायद्यात कव्हरसाठी वैधानिक परवाना (मालकाच्या होकाराशिवाय कायद्यानेच मिळणारा) आहे, पण त्याच्या अटी बघा. मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं उलटलेली हवीत, आणि दरवर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची. आपल्यासारख्यांना हे झेपणारं नाही. थेट प्रकाशकाला, म्हणजे शब्द-चालीचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीला, मेल करा. मला दोनदा होकार आला आहे, एकदा फुकट.

१३. लग्नात कव्हर वाजवतो. लायसन्सवाले आले तर?

लग्न, वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांत गाणी वाजवणं कायद्याने उल्लंघन नाही. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने जाहीर सूचना काढून हेच स्पष्ट केलं. कंपनीची पार्टी किंवा राहत्या सोसायटीची थर्टी फर्स्ट यात बसत नाही.

१४. लूप विकत घेतला होता, तरी माझ्याच गाण्यावर दुसऱ्याचा दावा आला!

तो लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायचा तयार तुकडा, शेकडो जणांनी घेतलेला असतो. त्यातल्या कुणीतरी आपलं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडी या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेत घातलं की यंत्र तुमच्या गाण्यातला तोच तुकडा पकडतं. परवान्याची पावती जोडून दावा फेटाळायला लावा. आणि लूप उघडा ऐकू येत असेल तर तुम्हीही ते गाणं कंटेंट आयडीत घालू नका, नियमच आहे तसा. ढोलकी किंवा संबळचा लूप हवा असेल तर वाजवणाऱ्याला बोलवा. आपल्या आजूबाजूला ते लोक आहेत, त्यांना पैसे द्या.

१५. करार आलाय, चाळीस पानं आहेत. आधी काय बघू?

पाच गोष्टी: कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात, किती रॉयल्टी, आणि संपवायचं कसं. कायद्याने मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्याने एका वर्षात हक्क वापरलाच नाही तर तो परत येतो, पण करारात वेगळं लिहिलं नसेल तरच. म्हणून ‘कायमस्वरूपी’, ‘संपूर्ण विश्वात’, ‘वापर न केल्यासही’ असे शब्द दिसले की पेन खाली ठेवा.

२०१२ ची दुरुस्ती आपली मोठी मैत्रीण आहे. शब्द आणि चाल लिहून दिली तरी तिच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीचा समान वाटा घेण्याचा हक्क सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. करारात ‘रॉयल्टीचा हक्क सोडला’ असं लिहून सही घेतली तरी ते टिकत नाही. हे संरक्षण शब्द-चालीला आहे. मास्टरला नाही. आणि तुम्ही आधीच आयपीआरएसचे सदस्य असाल तर तिथल्या अटींच्या विरुद्ध जाणारा नंतरचा करार रद्दबातल ठरतो. म्हणून सदस्यत्व आधी, करार नंतर.

१६. सिनेमावाल्यांना माझं जुनं गाणं हवंय. ‘एक्स्पोजर मिळेल’ म्हणतात.

त्यांना दोन परवाने लागतात, एक शब्द-चालीचा आणि एक मास्टरचा. दोन्ही तुमचे असतील तर दोन आकडे मागा. हक्क विकू नका, त्या एका सिनेमापुरता वापराचा परवाना द्या. चित्रपटगृहाबाहेरच्या वापराची रॉयल्टी इथेही सोडता येत नाही (प्र. १५).

१७. गिगचे पैसे बुडतात. काय करावं?

अर्धे आधी, उरलेले स्टेजवर चढण्यापूर्वी. हे मेलवर लिहून घ्या. सोबत एका पानाचा रायडर पाठवा: माइक किती, मॉनिटर किती, ड्रमकिट कुणाचं, साउंडचेक किती वाजता, मुक्काम आणि प्रवास कुणाकडे. गणेश मंडळं व्यवहाराला कच्ची असतात असं म्हणतात, माझा अनुभव उलटा आहे. वर्गणीचा हिशेब देणारे लोक पावती मागतात आणि पैसे त्याच रात्री देतात.

उघड्यावर असाल तर रात्री दहाची मर्यादा लक्षात ठेवा. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ती बारापर्यंत वाढवू शकतं. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असू शकतं. मुंबईत धोबीतलावचं रंगभवन, जिथे देशभरचे रॉक बँड वाजायचे, ते याच नियमाने शांत झालं. जागा ठरवण्याआधी नकाशा बघा.

१८. जीएसटी लागतो का? लोककलावंतांना माफ आहे असं ऐकलं.

लोककला आणि शास्त्रीय प्रकारांत एका कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर माफी आहे. रॉक त्यात बसत नाही. पण वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात आणि गोव्यात नोंदणीच लागत नाही, दुसऱ्या राज्यात जाऊन वाजवलं तरीही. गाण्याचा हक्क संगीत कंपनीला दिला तर त्यावरचा कर कंपनीने भरायचा असतो.

आयोजक टीडीएस कापतात तो बुडालेला पैसा नाही. विवरणपत्र भरलं तर जास्तीचा परत मिळतो. कितीतरी मुलं भरतच नाहीत.

१९. यूट्यूबने अमेरिकेचा कर कापला. मी तर जळगावात राहतो!

अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या उत्पन्नावर तो लागतो. खात्यात कराची माहिती आणि पॅन भरून भारत-अमेरिका कराराचा लाभ घेतला तर दर १५ टक्के. माहिती भरलीच नाही तर कपात जगभरच्या उत्पन्नावर होऊ शकते. कापलेल्या कराची वजावट इथे मागता येते, त्यासाठी सीएला दाखला द्या.

२०. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. अल्बम काढू शकतो का?

सरकारी कर्मचाऱ्यांसाठीच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांत खाजगी धंद्याला पूर्वपरवानगी लागते. मात्र अधूनमधून केलेलं साहित्यिक-कलात्मक काम, नोकरीत खंड पडत नसेल तर, चालतं. नियमित मानधनाचे कार्यक्रम घेणार असाल तर वरिष्ठांची लेखी परवानगी घ्या. तुमच्यावर नेमके कोणते सेवानियम लागू आहेत ते कार्यालयातून पाहून घ्या.

एक वेगळी अडचण: नोकरीचा भाग म्हणून गाणं लिहिलं, उदाहरणार्थ जाहिरात संस्थेत पगारावर असताना जिंगल, तर गाण्याचा पहिला मालक नोकरी देणारी संस्था. घरी रात्री लिहिलेलं स्वतःचं गाणं त्यात येत नाही. पण ऑफिसच्या लॅपटॉपवर रेकॉर्ड करू नका.

२१. अमेरिकेतल्या मराठी मंडळाने बोलावलंय. टुरिस्ट व्हिसावर जाऊन चार गाणी गाऊ का?

नको. मानधन घेऊन सार्वजनिक कार्यक्रम करायचा तर पर्यटन व्हिसा चालत नाही, ‘मानधन नाही, फक्त खर्च देतो’ म्हटलं तरी धोका आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या द्वैवार्षिक अधिवेशनांना जाणारे कलाकार सहसा पी-३ या वर्गातून जातात. हा व्हिसा एखाद्या संस्कृतीचं वैशिष्ट्य असलेल्या कलेसाठी असतो आणि त्यासाठी तिथल्या संस्थेने आधी अर्ज करावा लागतो. काही महिने हाताशी ठेवा.

मग रॉकवाल्यांचं काय? २०१२ मध्ये अमेरिकेच्या स्थलांतर खात्याच्या अपील कार्यालयाने अर्जेंटिनातल्या एका क्लेझ्मर (पूर्व युरोपातल्या ज्यूंचं पारंपरिक संगीत) बँडच्या प्रकरणात मान्य केलं की दोन संस्कृतींच्या मिश्रणातून उभी राहिलेली कलाही या वर्गात बसू शकते. अभंग, ओवी, गोंधळ यांवर उभं राहिलेलं रॉक असेल तर अर्जात ते नातं पुराव्यानिशी मांडा. प्र. ३ मध्ये जे लिहिलं ते इथे कागद म्हणून कामाला येतं.

२२. तालमीनंतर कानात शिट्टी वाजते. चालतं का?

नाही चालत. ८५ डेसिबलला आठ तास, १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं, ही सुरक्षिततेची मर्यादा मानली जाते. पत्र्याच्या शेडमधली तालीम १०० सहज ओलांडते. संगीतकारांसाठीचे इअरप्लग घ्या, ड्रमरला आधी द्या. शिट्टी दुसऱ्या दिवशीही राहिली तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा, थांबू नका. गेलेला कान परत येत नाही.

२३. ताई, मला मूलबाळ नाही. माझ्यानंतर गाण्यांचं काय होईल?

हा प्रश्न नागपूरच्या एका साठीच्या गृहस्थांनी विचारला आणि त्यानंतर मी स्वतःचीही तयारी केली. गाणी ही मालमत्ता आहे. शब्द-चाल तुमच्यानंतर ६० वर्षं कुणाच्या तरी नावावर राहणार. मृत्युपत्रात ती घरासारखी, दागिन्यांसारखी स्वतंत्रपणे लिहा आणि सोसायटीत वारसाचं नाव नोंदवा. सह-लेखक असतील तर हक्क शेवटचा सह-लेखक गेल्यानंतर ६० वर्षं चालतो, म्हणून प्र. ६ चे कागद वारसाला सापडतील अशा जागी हवेत.

माझ्या कपाटात एक लाल फाइल आहे. त्यात गाण्यांची यादी, आयएसआरसी, करार, सह्यांचे कागद, डिस्ट्रिब्युटरचा पासवर्ड आणि मास्टरच्या हार्डडिस्क कुठे आहेत ते लिहिलंय. दर पाडव्याला मी ती काढून नवी गाणी भरते. माझी भाची सतरा वर्षांची आहे, बास वाजवते. या पाडव्याला नवी पानं तिनेच लिहिली.